चढणीला मान टाकणारी गाडी

चष्मेवाल्यांची गाडी म्हातारी होती, पण रडकी नव्हती. लेक शाळेत होती तेव्हा घेतलेली. दुकान ते घर, घर ते दुकान, तिने कधी कुरकुर केली नाही. आणि आता बायकोला आणायला म्हणून निघावं, तर डोंगराच्या पहिल्याच चढणीला तिने मान टाकली. पाय तळाला टेकेपर्यंत दाबला तरी गाडी आपली मुंगीच्या पावलांनी. मागचे ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न वाजवून त्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढायला लागले. वळायला जागा मिळाली तसे चष्मेवाले मुकाट्याने माघारी फिरले.

बायको डोंगरापलीकडे लेकीकडे होती. बाळंतपण उरकलं की येते, म्हणून गेली होती. बाळंतपण उरकलं, लेक कामावर जायला लागली, नातीला दात आले, नात भिंतीला धरून चालायला लागली, आणि आजी आपली तिकडेच. फोन रोज व्हायचा. "जेवलात?" "जेवलो." "औषध?" "घेतलं." मग नातीच्या गमती. 'आता ये' हे दोन शब्द चष्मेवाल्यांच्या अगदी ओठांवर यायचे आणि तिथूनच परत जायचे. दुकानात हा माणूस गिऱ्हाइकाला बोलून बोलून भंडावून सोडायचा, पण घरच्या माणसाजवळ मनातलं बोलायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. तिला वाटेल तेव्हा ती येईल, आपण कोण बोलावणारे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. ती खोटी होती. संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ झाली की ते पुसलेली भिंगं पुन्हा पुसत बसायचे, कारण घर खायला उठायचं.

गाडी त्यांनी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री त्यांचा जुना स्नेही. चष्मा त्यांच्याकडून घ्यायचा आणि शिव्याही त्यांनाच द्यायचा. त्याची एक रीत होती. गाडी कुणाचीही असो, हात लावायच्या आधी आतल्या पायपुसण्या आणि सीटची कव्हरं काढून दोरीवर टाकायची, आणि काम संपलं की झटकून जिथल्या तिथे ठेवायची. लोकांच्या घरात तेलकट पायांनी शिरायचं नाही, असं म्हणायचा.

त्याने हवेचा फिल्टर काढला. होता मळका, बदलला. प्लग पाहिले. पेट्रोल नीट येतंय का पाहिलं. धूर कुठे कोंडतोय का म्हणून सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. ब्रेक धरून राहिलेत का म्हणून चाकं उचलून हाताने फिरवली. मग स्वतः गाडी घेऊन वेशीबाहेरचा चढ चढून आला, तर गाडी नव्या नवरीच्या उत्साहाने पळाली.

"काही झालेलं नाही हिला," तो म्हणाला. "जा, वहिनींना घेऊन या."

चष्मेवाले पुन्हा निघाले, आणि पुन्हा त्याच चढणीवरून हात हलवत परत आले. खरं सांगायचं तर गाडीने दम सोडला तेव्हा त्यांना रडू यायच्या बेतात होतं, आणि त्याच वेळी, आतल्या आत, जीव भांड्यातही पडला होता. ती 'नाही येत' म्हणाली तर? गाडी बिघडलेली असली म्हणजे निदान तो प्रश्न तरी विचारावा लागत नव्हता.

मिस्त्रीने पुन्हा सगळं उलगडलं. पुन्हा गाडी त्याच्या हाताखाली सुतासारखी सरळ. त्याने हात टेकले. "हिचं माझ्याशी एक आणि तुमच्याशी एक," तो म्हणाला. "आता असं करू. तुम्ही घरून निघाल तसे निघा. मला वाटेत घ्या. मी नुसता शेजारी बसतो."

तसे ते निघाले. चढण सुरू झाली आणि गाडी लगेच मलूल पडली.

"दाबा की," मिस्त्री म्हणाला.

"दाबलंय."

"अजून दाबा."

"अहो, तळाला टेकलंय!"

मिस्त्रीने वाकून त्यांच्या पायाशी पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला. "बाजूला घ्या," तो शेवटी म्हणाला. गाडी थांबली तशी त्याने त्यांचा पाय उचलायला लावला आणि खालून एक जाडजूड, नवीकोरी, मऊ पायपुसणी ओढून काढली. तिच्याखाली जुनी, झिजलेली दुसरी होती. "हे काय, गादी अंथरलीत? एक्सिलरेटर निम्म्यावरच या ढिगाला अडकतोय. तो खाली जाणार कसा? सपाटीला तेवढं पुरतं, चढणीला कुठलं! आणि माझ्याकडे आली की दोन्ही दोरीवर. मी आपला इंजिनात डोकं घालून बसलोय, आणि वर माझ्याच हातांनी दोन्ही परत अंथरतोय!"

चष्मेवाले ओशाळले. "तिला आणायला जायचं, म्हणून गाडी धुतली, नवी आणली."

"मग जुनी काढायची की."

"ती तिने पसंत केलेली. टाकली म्हणून रागावली असती."

मिस्त्रीला हसायचं होतं, पण चष्मेवाल्यांच्या तोंडाकडे पाहून त्याने ते गिळलं. नवी पायपुसणी काखेत मारून तो खाली उतरला. "येणाऱ्या बसने जाईन मी. गाडीला आता काही होत नाही. तुम्ही सुटा."

आता अडवायला काहीच उरलं नव्हतं. गाडी तक्रार न करता चढत होती, आणि प्रत्येक वळणावर चष्मेवाले मनात जुळवाजुळव करत होते. काय बोलायचं ते त्यांनी घोकून ठेवलं: आधी गाडीचा विषय काढायचा, मग तब्येतीचा, मग हळूच घराचा.

दार बायकोनेच उघडलं. नात तिच्या खांद्यावर झोपली होती. "अहो! न कळवता?" म्हणत तिने त्यांना आत घेतलं आणि पोरीला अंथरुणावर ठेवलं. लेक कामावरून यायची होती. खिडकीत कुंड्या होत्या, त्यांना बायको घरी बांधायची तशाच सुतळ्या बांधलेल्या. दाराजवळच्या खुंटीवर तिची पिशवी होती, कोपऱ्यात तिच्या चपला. ती इथे पाहुणी नव्हती, हे बघताक्षणी कळत होतं. चष्मेवाल्यांचं घोकलेलं सगळं उडून गेलं.

"मला तुझ्याशिवाय राहवत नाही," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "घरी चल."

ती नातीचं पांघरूण सारखं करत होती, ते करायची थांबली.

"एवढं सांगायला इतके दिवस लागले?"

"गाडी चढत नव्हती गं. खरंच."

"फोन तर रोज चढत होता की डोंगर." ती हसली, पण डोळे भरले होते. "पोरगी बसायला लागली तेव्हाच बॅग भरून ठेवली होती मी. दाराशी. रोज वाटायचं, आज म्हणतील ये. तुम्ही म्हणायचात, औषध घेतलं. मग थंडी पडली, स्वेटर लागला, काढला. मग शाल काढली. असं करत करत रिकामी झाली, तेव्हा लेकीने उचलून माळ्यावर टाकली."

चष्मेवाल्यांचं सगळं आयुष्य लोकांना नीट दिसावं म्हणून गेलं, आणि हे त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी माळ्याकडे पाहिलं. बॅगेचा एक कोपरा बाहेर आला होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि भिंतीला धरून तिच्यावर चढायला लागले.

"अहो, या वयात! पडाल."

"मग धर ना."

ती क्षणभर नातीकडे बघत राहिली. मग आली आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून उभी राहिली.