उलटा तुकडा

भर अंगणात, सगळ्यांदेखत माझी मुलगी दगड चाटत होती.

विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागासमोर लांबट पेट्या मांडल्या होत्या. त्यांत डोंगराला खोल भोक पाडून काढलेले दगडाचे लाटण्यासारखे गोल तुकडे, जसे निघाले तसे ओळीने लावलेले. बोगदा खणणाऱ्या कंपनीचे साहेब शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकेक करून विचारत होते, डोंगराच्या पोटात काय आहे ते वाचून दाखवा. नोकरीची जागा एकच. मी कुंपणाशी उभा. शिंपी माणूस, मला दगडातलं काय कळणार? पण कुंपणाची तार अशी धरून होतो, जणू परीक्षा माझीच.

घरी हिला कुणाचा उष्टा चमचा चालत नाही. मी मान खाली घातली.

“सर, हा तुकडा उलटा ठेवलाय,” ती म्हणाली.

“पेटी मी स्वतः भरलीय.”

झालं, गेली नोकरी. जरा नमतं घे गं बाई, मी मनात म्हणालो. पण नमतं घेणं तिच्या आईच्याही रक्तात नव्हतं.

“ओला केला की कण नीट दिसतात, सर. गाळ बसतो तेव्हा जाड कण आधी तळाला जातात. बाकी तुकड्यांत जाड कण खाली आहेत, यातच वर आलेत.”

साहेबांनी तुकडा उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ जीभ लावली. मग भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

“खरंय. माझ्याच हातून उलटा पडला,” ते हसत म्हणाले. “सोमवारी डोंगरावर येशील? वर्षातून एकदाच घरी जाता येईल, आधीच सांगतो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. पण घरात आम्ही दोघंच, ती गेली की मी एकटा. मी जोरजोरात मान हलवली, हो म्हण.

परतताना तिची टकळी थांबेना. आधी बोगदा, मग धरणं, दरडी, जमिनीखालचं पाणी. “बाबा, अजून अख्खी पृथ्वी बघायची राहिलीय.”

“दगड शिकून पोट भरतं का, म्हणायचा ना शेजारचा न्हावी? आता त्याच्याच खुर्चीत बसून सांगतो त्याला.”

घरी येताच मी जाड कापड काढलं. डोंगरावर घालायला जाकीट हवं.

“खिसे केवढे ठेवू?”

“दगड मावतील एवढे.”

प्रत्येक खिशाला मी तिहेरी शिवण मारली. तिथं उसवलं, तर टाका घालायला मी नसणार होतो.