खुर्ची काठावर

"बापूसाहेब, खुर्ची काठावरच ऱ्हाऊ द्या. आज ती होडीत न्हाई घ्यायची."

हरिबा हे बोलला आणि होडीतल्या बाया माना वळवून बघू लागल्या. मांडवगणच्या काठावरून भीमेपलीकडे, दौंडच्या बाजूला, त्या कांद्याच्या लागणीला निघाल्या होत्या. बापूसाहेबांचा ऊसही तिकडेच. होडीचा ठेका हरिबाला त्यांच्या शब्दावर मिळालेला, त्यामुळे ते ऐटीत खुर्ची टाकून बसत आणि हरिबा तोंडाला कुलूप लावून वल्हं मारी. बाकी कुणाला तो फळीवरसुद्धा टेकू देत नसे. "उंच बसलं की होडी डोक्याकडनं जड व्हती, मग कलंडायला वारं पुरतं," हे त्याचं रोजचं पालुपद. खुर्चीपुढे मात्र हे शहाणपण कुठं जायचं कोण जाणे.

काल वाऱ्यात ती खुर्ची हातभर सरकली, होडी कलली आणि कडेवरून पाणी आत आलं. तळाशी बसलेली सारजाबाई कमरेपर्यंत भिजली आणि हसत सुटली. हरिबाला मात्र घरी गेल्यावर घास गिळवला नाही. आज तर वरच्या धरणातून पाणी सोडलेलं.

खुर्चीच्या पाठीवर हात रोवून बापूसाहेब म्हणाले, "म्हंजी मी ह्या बायांत खाली बसू?"

"व्हय. खाली बसला तर समदी पल्याड जात्याल."

"उद्या ही होडी दुसरा कुणी चालवंल, हरिबा."

"चालवू द्या. पर आज मी चालवतोय."

बापूसाहेबांनी खुर्चीवरचा हात काढला. मग हरिबाच्या खांद्याला धरून होडीत उतरले, खाली बसू लागले आणि अर्ध्यातच गुडघ्यांनी दगा दिला. ते धपकन टेकले.

"हरिबा," ते त्याच्या कानाशी पुटपुटले, "मला खालनं उठता येत न्हाई रं. कुणाला बोलू नगंस."

हरिबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या गावानं त्या खुर्चीला मिजास म्हणून नावं ठेवली होती, त्यात तोही होता.

वारा होता, लाटा होत्या, तरी होडी सरळ गेली. पलीकडे लागल्यावर बाया उठल्या, तसा हरिबा मुद्दाम मोठ्यानं ओरडला, "एकेक जण उतरा! बापूसाहेब, तुम्ही उठू नका. मधी वजन पायजे, न्हाईतर होडी हलंल."

बापूसाहेबांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"बसतो की," ते नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाले. "उतरा गं सावकाश. मी हाय."

बाया बांधाआड जाईपर्यंत दोघं होडीतच थांबले. मग हरिबानं मागून त्यांच्या काखेत हात घातले, पाय रोवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांना उभं केलं. एवढ्या जोराची गरजच नव्हती. त्या सैल सदऱ्यात उरलेलं माणूस पोराएवढं हलकं होतं.

होडी जराही हलली नाही.