भट्टीपासून नव्वद दिवस

काचेची पूड साच्यात भरायची, मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ खोचायचा आणि साचा भट्टीत सारायचा. देठ जळून जातो. त्याच्या जागी मण्याचं भोक उरतं. सतरा वर्षं आंगमोर त्या धगीसमोर मांड्या फाकवून बसत आला होता. लग्नाला पाच वर्षं झाली तरी घरात मूल नव्हतं, आणि ओडुमासे गावातल्या बायकांनी दोष त्याच्या बायकोच्या, माकूच्या, कुशीवर ठेवून दिला होता.

प्रयोगशाळेतल्या सेलासीताईंनी मात्र आंगमोरलाच सूक्ष्मदर्शकात डोकवायला लावलं. फिकट उजेडाचं वर्तुळ. त्यात त्याच्याच वीर्यातले मोजके ठिपके, बहुतेक निश्चल, काहींच्या शेपट्या मुडपलेल्या.

"वृषणं शरीराबाहेर असतात ती गारव्यासाठी," ताई म्हणाल्या. "तुम्ही ती रोज शेकताय. नव्वद दिवस आगीपासून लांब राहा."

"नव्वद? मणी एका दिवसात होतो, ताई."

"मण्याला पोहायचं नसतं."

मग त्यांनी समजावलं. आत बारीक नळ्यांच्या भिंतींना गोल पेशी बिलगून असतात. त्या दुभंगतात, वारशातला निम्माच भाग जवळ ठेवतात, अंगावरचा भार उतरवून निमुळत्या होतात. मग शेपटी फुटते. एवढ्याला अडीच महिने. पुढे वीस फुटी वेटोळ्या नळीतून पंधरवडाभर संथ प्रवास. पोहण्याचं बळ तिथे येतं.

भट्टीवर माकू बसली. आंगमोर दूर आंब्याखाली मणी घासू लागला आणि रोज एक मणी दोऱ्यात ओवू लागला.

"मक्याचं केंकेही आता तूच शिजवतोस काय रे?" शेजारच्या तेयेकाकांनी जाता जाता टोमणा मारला.

"शिजवतो, काका. जेवून जा."

दुपारच्या गुंगीत त्याला वाटे, आपल्या देहात एक गाव आहे, तिथे सदा पहाट असते, आणि कुणी न बोलता एकेक वस्त्र उतरवून नदीकडे निघालं आहे.

साठाव्या दिवशी त्याला राहवलं नाही. भट्टी पुरती तापण्याआधीच सळईने मणी टोचून पाहायची कारागिराची खोड. तो तपासणीला जाऊन उभा राहिला.

ठिपके तसेच. निश्चल.

"हे निघाले तेव्हा तुम्ही भट्टीसमोरच होता," ताई शांतपणे म्हणाल्या. "आज दिसतेय ती तेव्हाची आग."

त्या संध्याकाळी ओवताना त्याच्या बोटांत मणी तडकला. टाकून द्यावा असं मनात आलं. पण तो दिवसही आपलाच होता. त्याने तो ओवला.

नव्वदाव्या दिवशी त्याने पुन्हा डोळा लावला. क्षणभर काहीच उमजेना. मग सारं वर्तुळच थरथरलं: पावसाळी डबक्यावर वारा उतरावा तसं. असंख्य नव्हते, पण होते ते पोहत होते. तो किती वेळ पाहत राहिला कोण जाणे, मागून ताई म्हणाल्या, "बाहेर रांग आहे, आंगमोर."

माकू नुकती भट्टीवरून उठली होती, गालांवर राख. त्याने नव्वद मण्यांची माळ तिच्या कमरेभोवती धरली.

"मूल झालं काय लगेच?" ती म्हणाली.

"नाही. वाट मोकळी झालीय."

तिने बोटांनी मणी चाचपले. "हा तडकलाय."

"साठावा."

"बदलून देतोस?"

"राहू दे."

तिने हात वर केले, आणि त्याने गाठ मारली.