कागदावर अठरा

"मामा, पगार वाढवा म्हणणारे या खिडकीशी खूप येतात," कारकून म्हणाला. "कापा म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"चेष्टा राहू द्या, साहेब. या महिन्याची कपात झालेली नाही. पोरीची."

"होणारही नाही. मुलगी अठराची झाली. पोटगीचा हुकूम तेवढ्यापुरताच होता. सुटलात. पुरा पगार घ्या आणि आम्हाला चहा पाजा."

खिडकीबाहेरचा माणूस जागचा हलला नाही. बसडेपोत तो सीटा शिवायचा. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, बसलेला फोम बदलायचा, नवं कव्हर ताणून बसवायचं. सगळा डेपो त्याला टाकेमामा म्हणे.

"ती सतराची आहे," तो म्हणाला.

"शाळेचा दाखला अठरा सांगतो."

"दाखल्याला काय कळतंय? त्याच्यावरची तारीख मीच सांगितलेली."

ते खरंच होतं. पोर पाच वर्षांची असताना नवराबायको दोघंही कामावर जात आणि घरी तिच्याकडे बघायला कुणी नसे. सहा पूर्ण झाल्याशिवाय शाळा घेईना. तेव्हा मुख्याध्यापिकेच्या टेबलापुढे उभं राहून त्याने पोरीला एका वाक्यात वर्षाने मोठी करून टाकली होती. बाहेर आल्यावर बायको म्हणाली होती, "उचलली जीभ लावली टाळ्याला." मग पोर शाळेत रमली आणि दोघंही ते विसरून गेले.

पुढे संसार मोडला. कुणाचं किती चुकलं, हे दोघांनाही आता नीटसं सांगता आलं नसतं. पोर आईकडे राहिली. सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी बापाकडे यायची. मग तिच्या परीक्षा आल्या, याच्या पाळ्या बदलल्या, आणि भेटलेच तर दोघांना बोलायला काही सुचेना. येणं आटत गेलं. उरली ती पगारातली कपात. सोबतचे म्हणत, "मामा, तोंड बघायला मिळत नाही आणि पैसे मात्र जातात." तो टाका घालत राही. पगाराच्या चिठ्ठीवर ती एक ओळ दिसली की त्याला बरं वाटे. आपल्याला एक मुलगी आहे, हे निदान ऑफिसला तरी माहीत आहे. बापपण म्हणून त्याच्याकडे तेवढंच शिल्लक होतं, आणि त्याच्या हिशेबाने त्याला अजून एक वर्ष होतं.

"मग अर्ज द्या," कारकून कंटाळून म्हणाला. "खरी तारीख लावायची तर शाळेला पत्र जाईल. मुलीच्या आईची सही लागेल."

त्याने अर्ज दिला.

तीनचार दिवसांनी पोरीची आईच डेपोतल्या त्याच्या शेडमध्ये आली. ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती. सोड्याने बोटं पांढरी पडलेली. बऱ्याच वर्षांनी समोर येत होती, तरी काल भांडण अर्धवट राहिल्यासारखी दारात उभी राहिली.

"बस ना," तो म्हणाला.

"कशावर? सगळ्या तर उसवून ठेवल्यात."

त्याने एक धड सीट पुढे ओढली. ती टेकली.

"ऑफिसचा माणूस सहीला आला होता. तुम्हाला हे आताच कुठून सुचलं?"

"ती सतराची आहे. तिचं एक वर्ष बुडतंय."

"ती कितीची आहे ते मला नका सांगू. मी जन्माला घातलंय तिला."

त्याने गोंदाचा ब्रश डब्यात ठेवला.

"नर्सिंगला लागलाय तिचा नंबर," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "परगावी. राहायचं तिथेच. सोमवारी सकाळच्या गाडीने जायचंय. त्यांच्या नियमात अठरा पूर्ण लागतात. तुमच्या अर्जावरून शाळेला पत्र गेलं, तर आलेली जागा जाईल. पुढच्या वर्षी मिळेलच, असं कोण लिहून देतंय?"

"मला कुणी बोललं नाही."

"आता बोलतेय."

"आणि खर्च?"

"शिकताना थोडे पैसे देतात. वरचं मी बघीन. तुम्ही नेमाने दिलेत, तसं नाही म्हणायचं मला."

"मी कुठं दिले? ऑफिस कापत होतं."

"कापू दिलेत ना. द्यायला नको म्हणून नोकरी सोडून पळालेले बाप आहेत आमच्या गल्लीत."

त्याने बोटांवरचा गोंद पुसला. मग विचारलं, "ती काही म्हणाली?"

"म्हणाली, बाबांनी अर्ज मागे नाही घेतला तर?"

"मग तू?"

"म्हटलं, वय वाढवायला त्यांना वेळ लागत नाही."

त्याला हसू आलं. तिलाही आलं, पण तिने ते पदराआड पुसून टाकलं आणि उठली.

ती गेल्यावर त्याने पुन्हा ब्रश उचलला. खरं धरून बसलं तर चिठ्ठीवरची ओळ वर्षभर राहणार, आणि पोर घरी बसणार. आपल्याच खोट्याला जागलं तर पोर जाणार, ओळही जाणार. तिसरी वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी गेला. "साहेब, तो अर्ज परत द्या."

"का हो? मुलगी कितीची मग?"

"अठराची."

"परवापर्यंत सतराची होती."

"पोरी भराभर वाढतात, साहेब."

कारकुनाने मान हलवली, कागद काढून दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

रविवारी सुट्टी असूनही टाकेमामा डेपोत आला. सोमवारी सकाळी त्या गावाला जाणारी गाडी धुऊन उभी केली होती. ड्रायव्हर टायर बघत होता.

"मामा, या गाडीची काही तक्रार नाही."

"असू दे. बघतो जरा."

तो पिशवी घेऊन आत चढला. पुढच्या सीटपासून सुरुवात केली. तळव्याने दाबायचा, बसून बघायचा, कडेने बोट फिरवायचा. एकीची शिवण सुटली होती, ती घातली. एकीचा फोम बसला होता, तो बदलला. ती खिडकीशी बसेल की मागे, कुठली जागा मिळेल तिला, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून त्याने एकही सोडली नाही.