बसून घेतलेला आकडा

मी एक जुना ऑक्सिमीटर आहे. नाव भारदस्त, पण अंगाने मी कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढा. बोटाला लावले की रक्तात प्राणवायू किती आहे, तो आकडा दाखवतो. कोरोनाच्या काळात माझ्यासाठी औषधांच्या दुकानांत झुंबड उडायची. अशाच गर्दीतून चंदीगडच्या सेक्टर बावीसमधल्या दुकानातून जयंतसरांनी मला घरी आणले. सर मूळचे साताऱ्याचे, इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतात.

काय माझा थाट होता तेव्हा! सकाळ-संध्याकाळ मला विचारल्याशिवाय घरात कुणी निश्चिंत होत नसे. मला लावण्याची रीतही ठरलेली होती. आधी शांत बसायचे, गरम कपाने हात शेकायचे आणि मगच बोट पुढे करायचे. सरांना ही रीत तोंडपाठ होती. पुढे साथ ओसरली आणि माझी रवानगी सुया-दोऱ्याच्या खणात झाली. मला राग आला होता, खोटे कशाला सांगू?

या जानेवारीत मला पुन्हा बाहेर काढले, ते सरांच्या पत्नी सरोजबाईंसाठी. मित्रांनो, बाईंना ल्युपस होता. या आजारात शरीराचे पहारेकरी घरच्यांवरच उलटतात. त्यांना आवरायला बाई बरीच वर्षे स्टिरॉईडच्या गोळ्या घेत होत्या. पहारेकरी नरमले, पण त्यामुळे बाहेरच्या जंतूंनाही दार उघडे राहिले.

बाहेर धुके होते आणि बाईंना कोरडा खोकला लागला होता. सरांनी त्यांना खुर्चीत बसवले, हातात चहाचा कप दिला, हात गरम झाल्यावर मला लावले. मी शहाण्णव दाखवले.

"बघ, शहाण्णव. थंडीचा खोकला आहे," सर म्हणाले.

"अहो, पण भाजी घेऊन जिना चढले की जीव कासावीस होतो."

"स्वेटर घालत जा."

रोज हेच चालले. बसलेल्या बाईंचे बोट मला बसलेल्या बाईंचीच खबर देई. जिन्यात काय होते, ते मला कसे दिसणार? माझा आकडा खरा होता आणि त्याच्या भरवशावर घरातले सगळे गाफील राहत होते. मला ओरडावेसे वाटे. पण माझ्यापाशी दोन अंकांपलीकडे शब्दच नाहीत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाई महाराष्ट्र मंडळात गेल्या. तिथे त्यांना 'तिळगूळ घ्या' एवढेही एका दमात म्हणता येईना. मंडळातल्या डॉक्टर वसुधा छातीच्या विकारांच्या तज्ज्ञ. त्या तशाच बाईंबरोबर घरी आल्या.

"हिला चालवून मोजलंत का कधी?" त्यांनी विचारले.

सर गोंधळले. "चालवून? नाही. आधी बसवायचं असतं ना?"

डॉक्टरांनी मला बाईंच्या बोटाला लावले आणि बाईंना खोलीतून गॅलरीपर्यंत नेऊन आणले. माझा आकडा घसरत एक्याऐंशीवर आला. सरांनी मला उपटून झटकले. "मशीन जुनं झालंय."

"गाडी काढा," डॉक्टर म्हणाल्या.

दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया निघाला, दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसालाच गाठणारा. दवाखान्यात मोठी यंत्रे होती. तरी बाईंच्या लेकीने, आसावरीने, मला आईच्या दुसऱ्या हाताला लावून ठेवले. जंतूंवरचे औषध सुरू झाले. मग डॉक्टर म्हणाल्या, "स्टिरॉईडचा मोठा डोसही द्यावा म्हणते."

सर म्हणाले, "ज्या औषधानं तिची ही दशा केली, तेच?"

"जंतू मरताना फुफ्फुसांना आणखी सूज येते, ती उतरवायला. एड्सच्या रुग्णांत याचा फायदा नक्की दिसलाय. सरोजसारख्यांत तितकी खात्री नाही. मी वचन देत नाही, सर. पण हातावर हात ठेवून बसवतही नाही."

शेवटी सर म्हणाले, "द्या."

दुसऱ्या दिवशी आकडा थोडा चढला. आसावरी हरखली. "देखो पापा, बढ़ रहा है!" सर माझ्याकडे अशा आशेने बघत होते की मला माझ्या काचेतून पळून जावेसे वाटले. बाईंनी मास्कच्या आतून विचारले, "जेवलात का?" त्यानंतर आकडा उतरू लागला आणि कशानेच थांबेना. पंचाहत्तर, सत्तर. औषध चुकीचे नव्हते, मित्रांनो. उशीर झाला होता.

मग बोट गार पडले आणि माझ्या काचेवर नुसत्या दोन रेघा उरल्या.

"सेल गए हैं इसके," आसावरी म्हणाली. तिने आईचे बोट चोळले, मला पुन्हा लावले. पुन्हा रेघाच. डॉक्टर वसुधांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झिडकारला आणि मला स्वतःच्या बोटाला लावले. तिचे बोट गरम होते. मी काय करणार? मी नव्व्याण्णव दाखवले.

मी बिघडलेलो नाही, हे तिला तेव्हा कळले.

मित्रांनो, तुमच्या घरात असे दुबळ्या प्रतिकारशक्तीचे कुणी असेल आणि त्याला धाप लागत असेल, तर त्याला बसवून माझ्याकडून शाबासकी घेऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. आकडा चांगला असला तरी न्या. सरोजबाई सांगत होत्या, जिना चढवत नाही म्हणून. त्यांचे ऐकायचे सोडून सगळे माझेच ऐकत राहिले.