माझे तांबडे पट्टे

मान वर करा. मी बोलतोय, खडकावरचा जुना दीपस्तंभ. आवाज चढा वाटला तर वाटू दे. अख्खा जन्म वाऱ्याशी भांडण्यात गेलाय.

गवंड्यांनी मला ओहोटी साधून बांधलं. पाणी चढू लागलं की थापी टाकून पळायचे. शेवटी अंगावर तांबडे-पांढरे पट्टे रंगवले. ते नटण्यामुरडण्यासाठी नव्हते. रात्री माझा दिवा ओळखतात, दिवसा माझे पट्टे. धूसर हवेतही तांबडं दिसलं, की होडीवाले खडक चुकवून बंदरात शिरायचे. मला तेवढंच काम येत होतं आणि ते मी चोख करत होतो.

मग वारसा समिती उगवली. होडीत पाय ठेवताच ओकाऱ्या काढणारी ही मंडळी दर्यावर्दी परंपरेवर तासन्‌तास बोलायची! अध्यक्षबाई मला न्याहाळून म्हणाल्या, "पट्टे फारच भडक आहेत हो. फोटोत छान नाही येत. फिका बदामी द्या."

माझा दिवा सांभाळणारा म्हातारा कळवळला. "मॅडम, पट्टे घालवू नका. माझा जावई रोज त्यांच्याच भरवशावर होडी आणतो."

"आजोबा, आता सगळ्यांकडे मोबाइल असतात!"

गाढवापुढे वाचली गीता! मला बदामी फासलं. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले.

पुढे एका सकाळी दाट धुकं पडलं आणि जावयाची होडी परतत होती. माझा रंग बदललाय हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असून धुक्यात दिसतंय थोडंच? धुकं फिकट, मीही फिकट. तो डोळे ताणून मला शोधत होता आणि मी समोर ठोंब्यासारखा उभा. होडी खडकावर फुटली. माणसं पोहून वाचली, पण त्या घराची रोजीरोटी बुडाली. मला माझीच शिसारी आली.

आता तरी पट्टे परत येतील असं वाटलं होतं. कसचं काय! समितीने फुटक्या होडीचं सुकाणू उचलून आणलं, माझ्या पोटात भिंतीवर टांगलं आणि खाली पाटी लावली: 'आपला समुद्री वारसा'.

उद्घाटनाला सासरे-जावई कोपऱ्यात उभे होते. भाषणं संपल्यावर जावई पुढे झाला आणि त्याने सुकाणूवर हात ठेवला.

"अहो, हात नका लावू!" अध्यक्षबाई ओरडल्या. "फार मौल्यवान आहे ते!"

त्याने हात काढून घेतला. म्हातारा त्याला घेऊन खाली उतरला.

तुम्हीही मला बघायला याल, माझ्यापुढे हसत उभे राहाल. यायचंच असेल तर तांबड्या रंगाचा डबा घेऊन या. कौतुक मात्र घरीच ठेवा. त्याने एक होडी फोडली आहे.