चिंचेनं घासलेली दुनळी

भरे गावच्या हैबतरावांकडे दुनळी बंदूक होती आणि तिचा बार गावात कुणीही ऐकलेला नव्हता. त्यांचा चुलता एका गोऱ्या साहेबाबरोबर शिकारीला वाटाड्या म्हणून जायचा. साहेबानं मायदेशी जाताना ती त्याला दिली आणि चुलत्यामागं ती हैबतरावांकडे आली. भातात डुकरं शिरली की गाव हाका घालून त्यांना रानातून उठवायचं, हैबतराव बंदूक खांद्याला लावून वाटेवर उभे राहायचे. डुक्कर समोरून सुसाट निघून जायचं आणि हे नुसते बघत राहायचे. नुसती पुजायचीच म्हणून शेजारच्या गेणबानं तिला ‘दसऱ्याची बंदूक’ म्हणायला सुरुवात केली. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

हैबतरावांचा मुलगा कोंडाजी. गावाचं हे हसणं त्याला लहानपणापासून झोंबत आलं होतं. आपला बाप भित्रा, हे त्यानं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. आता हैबतराव वारले. परवाना त्यांच्या नावचा, तेव्हा बंदूक आपल्या नावावर करून घे नाहीतर विक, असं पौडच्या फौजदारानं सांगितलं. कोंडाजीला विचार करायची गरजच नव्हती. बंदूक विकायची आणि तिच्याबरोबर ते नावही घरातून घालवायचं. नवरात्र चालू असतानाच फौजदाराची चिठ्ठी खिशात घालून, बंदूक गोधडीत गुंडाळून त्यानं पुण्याची एसटी धरली.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं ती दारातल्या उजेडात धरली. नळ्यांवर पाण्याच्या तरंगांसारख्या बारीक रेषा होत्या.

“ही चिंचेनं कोण घासतं?”

कोंडाजी ओशाळला. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, म्हणून सारजाबाई, त्याची आई, तांब्याच्या हंड्याबरोबर बंदूकही चिंच आणि राख लावून लख्ख घासायची. मग हळदकुंकू, झेंडूची माळ. “आई घासती,” तो म्हणाला. “काय बिघडलं का?”

“कारखान्याचं नाव पुसलं गेलं. निम्मी किंमत तिथंच गेली. पण या रेषा दिसतात त्याही चिंचेमुळंच. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली नळी आहे ही. जुन्या काळ्या दारूसाठीची. आताचं काडतूस उडवलं तर नळी फाटेल आणि उडवणाऱ्याचं तोंडही.”

मिस्त्रीनं बंदूक उघडून आत बघितलं. मग चष्मा काढला.

“तुम्ही हैबतरावांचे कोण?”

कोंडाजीनं बापाचं नाव अजून सांगितलंही नव्हतं.

“चिंचेनं घासलेली बंदूक मी जन्मात एकच बघितली,” मिस्त्री म्हणाला. “हिच्या आतल्या खिळी मीच काढल्यात. घोडा पडला तरी काडतुसाला ठोसा बसत नाही. उडवू नका म्हटलं, तर ते म्हणाले, ‘म्या न्हाई उडवायचो. पर घरात पोरगं हाय, त्याला शिकारीचं लई याड. कुटंबी लपवली तरी हुडकून काढंल. मेलेलीच करून द्या.’”

कोंडाजीचा हात आपसूक गालाकडे गेला. पोरवयात एकदा घरात कुणी नसताना त्यानं बंदूक उतरवली होती. काडतूस भरलं होतं, दस्ता गालाशी टेकवून तित्तिरावर नेम धरला होता आणि चाप ओढला होता. नुसतं टक्‌ झालं. काडतूस दमट असेल, असं तो इतकी वर्षं समजत आला होता.

“मग आबांनी गावाला का न्हाई सांगितलं? गाव हसायचं त्यास्नी.”

“मीही तेच विचारलं. म्हणाले, ‘डोंगरावर आमची वरची वाडी हाय, गडी कामाला भाईर, तिथं बाया-लेकरंच असत्यात. आमच्याकडं बंदूक हाय म्हणून चोर तिकडं फिरकत न्हाईत. हसणारं हसू द्या.’” मिस्त्रीनं बंदूक पुढं सरकवली. “भिंतीला टांगायला कुणी घेईल. त्या भावात देता?”

कोंडाजीनं नकारार्थी मान हलवली आणि ती पुन्हा गोधडीत गुंडाळली.

एसटीतून उतरतो तोच गेणबा भेटला. “काय रं, दसऱ्याच्या बंदुकीला गिऱ्हाईक न्हाई मिळालं व्हय?”

सगळं कोंडाजीच्या जिभेवर आलं. एका वाक्यात बापाचा जन्माचा डाग धुऊन निघाला असता. पण तेवढ्यात त्याची नजर डोंगराकडे गेली. वरच्या वाडीत दिवे लागायला लागले होते.

“विकत न्हाई. माझ्या नावावर करून घेतुया.”

“तू तरी उडवशील का?”

“न्हाई, गेणबाकाका.”

गेणबा खो खो हसला, चार जण आणखी हसले. ते हसणं पाठीवर घेऊन कोंडाजी घराकडे निघाला. आबा जन्मभर याच वाटेनं असेच चालत आले आणि हसणाऱ्यांत आपणही मनातल्या मनात होतो, हे आठवून त्याला रडू फुटलं.

सारजाबाई पडवीत चिंच भिजत घालत होती. “सण न्हाई औंदा, पर पूजा चुकवायची न्हाई,” ती म्हणाली. मग तिचं लक्ष गोधडीकडे गेलं. “न्हाई विकलीस? किंमत न्हाई आली व्हय?”

कोंडाजीनं गोधडी सोडून बंदूक बाहेर काढली. तो तिच्याजवळ बसला आणि चिंचेचं भांडं त्यानं आपल्याकडे ओढलं.

“दे, आई. औंदा मी घासतो.”